माझा हिरो मुल्लाच आहे

माझा हिरो मुल्ला नसरुद्दीन आहे. गाढवावर उलटा बसणारा, मोठी पगडी घालणारा, लोकांना हसवणारा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

मुसलमानाला 'तुझा हिरो कोण?' असं विचारतात तेव्हा आत बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो. टिपू सुलतान म्हटलं की वाद सुरू. डॉ. कलाम म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो, म्हणजे तुम्ही पास. कलाम मलाही प्रिय आहेत, पण पास होण्यासाठी त्यांचं नाव घेणं हा त्यांचाच अपमान आहे. आपल्या समाजात बसलात तर सलाहुद्दीन अय्युबीचं नाव घ्यावं, माना डोलतात. तिकडे देशभक्तीचा दाखला, इकडे इमानाचा. नसरुद्दीनचं नाव घेतलं की कुठलाच दाखला मिळत नाही. मला नेमकं तेच हवं आहे.

'मुल्ला' म्हणजे शिकलेला, धर्माचं ज्ञान असलेला माणूस. सांगली-कोल्हापूरकडे ते साधं आडनाव आहे, गावगाड्यात मुलाणी गावाच्या कामाचा माणूस होता. आज सोशल मीडियावर हाच शब्द शिवीसारखा फेकला जातो. अशा वेळी सांगायला हवं की तुर्कस्तानापासून मध्य आशियापर्यंत कोट्यवधी लोकांच्या घरातला सर्वांत लाडका माणूस मुल्लाच आहे. कुठे होजा, कुठे अपांदी, कुठे मुल्ला. त्याच्या गोष्टी सांगण्याची परंपरा 2022 साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यासाठी तुर्कस्तान, अझरबैजान, उझबेकिस्तान यांच्यासह सात देशांनी मिळून प्रस्ताव दिला होता.

आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणारा मुल्ला वेगळाच आहे. दारू पितो, बायकोला घाबरतो, अचकट विनोद करतो. त्याला मशिदीबाहेर काढून कुणाच्याही विनोदाला चिकटवला आहे. लोककथांतला नसरुद्दीन नमाज पढवतो, खुतबा देतो, कधी काझी होऊन निवाडा करतो. तो धर्माच्या आत उभा राहून हसतो.

एका शुक्रवारी तो मिंबरवर चढला आणि म्हणाला, "मी काय सांगणार ते ठाऊक आहे का?" लोक म्हणाले, नाही. "मग एवढ्या अडाण्यांना काय सांगू?" म्हणून उतरला. पुढच्या शुक्रवारी लोक म्हणाले, हो. "मग सांगायचं कशाला?" तिसऱ्या वेळी लोकांनी ठरवून ठेवलं, अर्धे हो म्हणाले, अर्धे नाही. हा म्हणाला, "झकास. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी बाकीच्यांना सांगावं." आणि गेला घरी.

आता आपल्या मोबाईलवर येणारे बयान आठवा. आवाज टिपेला, बोट हवेत. बायकांनी काय घालावं, पोरांनी काय ऐकू नये, कबरीत काय होईल. समोरच्यांनाही काही ठाऊक असेल, ही शंका या वक्त्यांना शिवत नाही. अति हसण्याने दिल मरतं, ही हदीस ते हमखास सांगतात. भावाला पाहून हसतमुख होणं हाही सदका आहे, ही हदीस मात्र मागे राहते. एकाने पैगंबरांकडे (स.) स्वारीसाठी जनावर मागितलं. ते म्हणाले, उंटिणीचं पिल्लू देतो. तो म्हणाला, पिल्लू घेऊन मी काय करू? त्यावर ते म्हणाले, उंट उंटिणीचंच पिल्लू असतो ना? हा किस्सा हदीसच्या किताबांत आहे. ज्यांनी दीन आणला ते थट्टा करत होते आणि त्यांचे वारस म्हणवणाऱ्यांच्या कपाळावरची आठी हलत नाही. ही आठी कुठून आली, हे त्यांना विचारायला हवं.

माझे काही मित्र म्हणतात, घरांवर बुलडोझर चालतायत, पोरांना भाड्याने खोली मिळत नाही, आणि तुला हसू सुचतं? सुचतं, आणि त्याचं कारणही नसरुद्दीनच आहे.

तो तेराव्या शतकातला मानला जातो. अक्शेहिरमधल्या त्याच्या कबरीवरचं साल 386 आहे. ते उलटं वाचायचं, 683 हिजरी, म्हणजे इसवी सन 1284-85, असं सांगतात. तैमूर अनातोलियात जिंकला 1402 साली. मध्ये शंभराहून जास्त वर्षं. तरी कितीतरी गोष्टींत नसरुद्दीन तैमूरसमोर उभा आहे. हमामखान्यात तैमूर विचारतो, "मला विकलं तर किती येतील?" हा म्हणतो, "पन्नास नाणी." तैमूर भडकतो, "माझा पंचाच पन्नासचा आहे!" "हुजूर, मी पंचाचीच किंमत धरली."

ज्यांची गावं तैमूरच्या फौजेखाली तुडवली गेली त्यांना त्याच्यासमोर उभा राहील असा एक माणूस हवा होता. म्हणून त्यांनी नसरुद्दीनला शंभर वर्षं पुढे ओढून आणला. सुखात असताना असे विनोद रचावे लागत नाहीत.

आणि हे हसू बिनकामाचंही नाही. 1906 साली जलील मम्मदगुलुजादे यांनी तिफ्लिसमध्ये 'मुल्ला नसरुद्दीन' नावाचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक काढलं. त्यात झारच्या सत्तेचीही टर उडवली आणि ढोंगी मौलवींचीही. मुलींच्या शिक्षणाची बाजू घेतली. धमक्या आल्या, बंदीही आली. दोन्ही बाजूंना एकाच वेळी झोंबेल असं लिहायला त्यांना हाच हसरा मुल्ला सापडला.

आपल्याला त्याची तेवढीच गरज आहे. टीव्हीच्या चर्चेत आपल्यातल्या ज्यांना बसवतात ते एकतर संतापलेले असतात नाहीतर काकुळतीला आलेले. चॅनेलला दोन्ही चालतं. शांतपणे हसून उलटा प्रश्न विचारणारा मुसलमान त्यांना चालत नाही, कारण त्याला कुठल्या चौकटीत टाकायचं ते कळत नाही. आपल्या तकरीरवाल्यांचीही अडचण तीच आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पोरांना कबरीच्या अजाबाआधी नसरुद्दीन सांगा, मराठीत सांगा. मकतबच्या उस्तादांनी सांगावा, इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात एखादा किस्सा घ्यावा. आणि पुढच्या वेळी कुणी शिवी म्हणून 'मुल्ला' म्हटलं तर त्याला विचारा, "कोणता? तैमूरची किंमत सांगणारा?"