खुराड्याची जाळी कोणाच्या मापाची?

आखाड तोंडावर आला आहे. गावरान कोंबड्या पाळणाऱ्याच्या हातात खेळता पैसा देणारे हे दिवस. पक्षी वजनावर आलेले, व्यापाऱ्याचे फोन सुरू झालेले, आणि नेमक्या याच वेळी वाचकांच्या पत्रांचा सूर बदलतो. मानमोडी-देवीसारखे रोग, खाद्याचे दर हे विषय मागे पडतात. ‘रात्री मुंगूस पडले आणि शेड साफ केले’ हे वाक्य मात्र पत्रागणिक भेटते.

या वाक्यातला मुंगूस बहुतेक वेळा निर्दोष असतो. मुंगूस दिवसा हिंडणारा प्राणी आहे. त्याची चोरी सकाळी कोंबड्या बाहेर पडल्यापासून सांज होईपर्यंतची. मध्यरात्रीच्या कत्तलीमागे कुत्री, रानमांजर किंवा कोकणात ज्याला कांडेचोर म्हणतात ते उदमांजर असते. हा फरक कळला नाही तर बंदोबस्त चुकीच्या जागी होतो, म्हणून मेलेला पक्षी उकिरड्यावर टाकण्याआधी दोन मिनिटे नीट पाहा. पक्षी इतस्ततः मरून पडलेत, खाल्लेले फारसे नाहीत आणि जाळीखालची माती उकरलेली आहे, तर ती कुत्री. एकच पक्षी गायब, दुसऱ्या रात्री पुन्हा एक, तर मांजरवर्गातला किंवा उदमांजरासारखा पाहुणा वाट शिकला आहे. लहान पिल्ले रोज एक-दोन कमी होत असतील तर घुशीचे बीळ शोधा. टरफलासकट अंडे नाहीसे झाले तर साप. फुटकी टरफले दगडाशेजारी सापडली तर मुंगूस, कारण अंडे मागच्या पायांमधून दगडावर आपटून फोडायची त्याची जुनी सवय आहे.

आणखी एक खूण पुष्कळांना बुचकळ्यात टाकते. दार बंद, जाळी शाबूत, आणि आत मुंडके नसलेली कोंबडी. रात्री कोंबडीला जवळजवळ काहीच दिसत नाही. ती जाळीला टेकून झोपते, बाहेरून पंजा येतो, मान धरतो आणि जेवढे ओढता येईल तेवढे ओढून नेतो. जाळीच्या भोकाभोवती अडकलेली पिसे ते सांगतात. यावर उपाय साधा आहे. बसायच्या दांड्या जाळीपासून किमान दीड फूट आत घ्या आणि खालचा दीड-दोन फुटांचा भाग पक्की भिंत किंवा पत्रा असू द्या.

आपल्याकडे जाळी घेतली जाते ती कोंबडी बाहेर जाऊ नये म्हणून. दुकानात मागितली जाते ती स्वस्त षट्कोनी ‘मुर्गा जाळी’. कोंबडीला ती पुरते, पण भुकेल्या कुत्र्याला ती फाडायला वेळ लागत नाही आणि घूस ती कुरतडते. चेन-लिंक मजबूत खरी, पण तिच्या दोन इंची भोकातून मुंगसाचे पिल्लू सहज जाते. रात्रीच्या खुराड्याला अर्धा इंची वेल्ड मेशच हवी, तीही जाड तारेची. तारेचा गेज-आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानदार आपणहून सांगेलच असे नाही.

‘एवढी महाग जाळी परवडत नाही’ ही तक्रार आम्हांला मान्य नाही. वीस गुंठ्यांच्या चौकोनी मोकळ्या रानाला वेढा घालायचा तर सुमारे 590 फूट जाळी लागते. शंभर पक्ष्यांना रात्री निजायला 10 बाय 15 फुटांची खोली पुरते, तिचा घेर 50 फूट. बहुतेक जण पैसे 590 फुटांवर उधळतात आणि 50 फुटांवर काटकसर करतात. दिवसाच्या रानाला हलके कुंपण, राखणीला माणूस किंवा शिकवलेला कुत्रा आणि घार-शिक्र्यापासून आडोशाला झुडपे पुरतात. खर्च खुराड्यावर करा.

उकरणारा प्राणी नेहमी भिंतीच्या बुडाशी उकरतो. दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा ही अक्कल त्याला नसते. त्यामुळे भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला दोन फूट रुंद जाळी जमिनीत चार बोटे खाली आडवी पसरून वर माती-दगड दाबले, की त्याचे काम तिथेच संपते. खोल चर खणून उभी जाळी पुरण्यापेक्षा हे स्वस्त पडते. काळ्या जमिनीत तर हेच करावे, कारण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्याच भेगा घुशी-सापांचे रस्ते होतात. आत कोबा असेल तर उत्तमच. दाराला उंबरा हवा, फटीला पत्र्याची पट्टी हवी, आणि कडी अशी हवी की धक्का दिला तरी निसटणार नाही. छप्पर आणि भिंत यांच्यामधली फट विसरू नका. उदमांजर तिथूनच उतरते.

आता दोन गोष्टी स्पष्ट लिहायला हव्यात. घरगुती विजेची तार कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात शेजारीच नव्हे, शेतकरी स्वतःही मरतो. झटका मशीन वापरायचे तर प्रमाणित कंपनीचेच. विषाचे गोळे ठेवणे आणि फासे लावणे हाही गुन्हाच. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, घोरपड हे सारे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. सापासाठी शेडभोवती जुनी नायलॉनची मासेमारीची जाळी गुंडाळण्याची पद्धतही बंद व्हावी. साप त्यात अडकून तडफडून मरतो, आणि घाबरून सोडवायला गेलेल्या माणसाला दंश होतो.

दुसरी गोष्ट मोरांची. शेतात सापडलेली मोराची अंडी खुडूक कोंबडीखाली घालून ‘मोर पाळू का’ असे विचारणारी पत्रे येतात. उत्तर एकच: नाही. मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याला खुराड्यात ठेवता येत नाही, कितीही भक्कम बांधले तरी. मोराची चिंचोली हे गाव असो किंवा बीड जिल्ह्यातले नायगाव मयूर अभयारण्य, दोन्हीकडे मोर मोकळाच हिंडतो आणि रात्री उंच झाडावर बसून आपला जीव आपणच राखतो. पोरके पिल्लू सापडले तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

खुराडी कशी बांधावीत यावर आपल्याकडे छापील मजकूर फार थोडा आहे. जे ज्ञान आहे ते तुमच्या गोठ्यांत आणि परसांत विखुरले आहे. पुढच्या अंकापासून आम्ही वाचकांच्या खुराड्यांची रेखाटने छापू. लांबी-रुंदी, जाळीचे माप, बांधकामाचा खर्च आणि तुमच्या भागात कोण येते, एवढे लिहून पाठवा. ज्यांचे खुराडे फुटले त्यांनीही पाठवा, आणि ते नेमके कुठून फुटले हे आवर्जून लिहा.