मालक घरी नाहीत

दाराची बेल वाजते, बाहेर हातात फाइल घेतलेला कुणी माणूस उभा असतो आणि आपण पदर सावरत म्हणतो, "मालक घरी नाहीत, संध्याकाळी या." हे वाक्य आपल्या आईने म्हटलं, आजीने म्हटलं आणि अजूनही आपल्या तोंडून सहज निघून जातं. मालक म्हणजे नवरा आणि मालक म्हणजे घराचा धनी, दोघांना आपल्या भाषेत शब्द एकच. पण सरकारी कागदावर मात्र हे एक वाक्य महागात पडू शकतं. कसं ते सांगते.

माझी मावसबहीण वाघोलीला राहते. नगर रस्त्यावर, खराडीच्या पुढे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी वाघेश्वराच्या दर्शनाला गेलो की मधे शेतं आणि दगडखाणी लागायच्या. आता उंच इमारती आणि पाण्याचे टँकर. २०२० साली तिने आणि तिच्या यजमानांनी तिथे दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तेव्हा वाघोली ग्रामपंचायत होती. ३० जून २०२१ ला वाघोलीसह तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली आणि घरपट्टीचा झाला मिळकतकर. नाव बदललं तसा आकडाही बदलला. कायद्यात सुरुवातीला ग्रामपंचायतीचा दर आणि मग टप्प्याटप्प्याने वाढ अशी सोय आहे खरी, पण पायऱ्या लहान असल्या तरी जिना वरच जातो!

दीड वर्षापूर्वी यजमान अचानक गेले. बिलं, पावत्या, बँक सगळं तेच बघायचे. ते गेल्यावर पहिलं बिल त्यांच्याच नावाने आलं. ताईने ते देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात ठेवून दिलं. दुसरंही तिथेच ठेवलं. मिळकतकर थकला की दरमहा दोन टक्के शास्ती लागते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायचं तरी कुणाला?

विचारलं ते सोसायटीतल्या एका निवृत्त बँक कर्मचारी काकूंनी. हळदीकुंकवाला ताई आली नाही म्हणून त्या चौकशीला घरी गेल्या आणि बोलता बोलता बिलं बाहेर निघाली. काकूंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू स्वतः राहतेस ना इथे? मग तुझी चाळीस टक्के कुठे आहेत?"

ही चाळीस टक्क्यांची गोष्ट नीट समजून घ्या. पुणे महापालिका १९७० सालापासून, मालक स्वतः राहत असलेल्या घराला सवलत देत आली. घराला भाडं किती येऊ शकेल याचा अंदाज बांधून कर ठरतो, आणि स्वतः राहत असाल तर त्या अंदाजातून चाळीस टक्के कमी करतात. म्हणजे ढोबळमानाने जिथे शंभर रुपये भरायचे तिथे साठ. पुढे लेखापरीक्षणात यावर आक्षेप निघाला आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने सवलत बंद केली. पुण्यात मोठी ओरड झाली. शेवटी २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा सुरू केली. पण १ एप्रिल २०१९ नंतर ज्या घरांची नव्याने नोंद झाली, त्यांना ती आपोआप मिळत नाही. पीटी-३ नावाचा अर्ज भरून, आपण इथेच राहतो हे दाखवून द्यावं लागतं. वाघोलीतल्या कितीतरी नव्या सोसायट्या याच खणात बसतात.

अर्ज काही अवघड नाही. दोन मिनिटांत वाचून होतो. सोबत राहण्याचा पुरावा लागतो, म्हणजे सोसायटीचं पत्र, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, गॅसचं कार्ड, पासपोर्ट किंवा गाडी चालवण्याचा परवाना. शहरात दुसरं घर असेल तर त्याच्या बिलाची प्रत. २०२३ साली फी होती पंचवीस रुपये. ताईच्या इमारतीत मात्र एक एजंट दोन-दोन हजार घेऊन हेच काम 'करून देत' होता. चार घरांनी दिलेही.

ताईचा अर्ज मात्र लगेच गेला नाही, कारण बिलावरचे मालक आता नव्हते. आधी नाव बदलायला हवं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, इंडेक्स टू, वारस कोण याचा कागद, मुलांची संमती. घराचं खरेदीखत कुठे आहे हेच ताईला ठाऊक नव्हतं. तीन दिवस शोधल्यावर ते यजमानांच्या जुन्या ऑफिसच्या बॅगेत सापडलं, इस्त्रीच्या पावत्यांबरोबर. त्या रात्री ती फोनवर खूप रडली. पैशासाठी नाही. म्हणाली, "ताई, बावीस वर्षं संसार केला आणि आपल्या घराचा कागद मी पहिल्यांदा हातात घेतला."

अर्ज दिल्यावर घर बघायला माणूस येऊ शकतो. ताईकडे आला तेव्हा ती कामावर होती आणि दार उघडलं सासूबाईंनी. त्याने विचारलं, "मालक आहेत का?" सासूबाई म्हणाल्या, "मालक गेले हो." तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही भाड्याने राहता?" त्या माउलीला काही सुचेना. लेकाच्या आठवणीने गळा भरून आलेला. नशीब, शेजारच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी ठणकावून सांगितलं, "मालकीणबाई कामावर गेल्यात. या मालकिणीच्या सासूबाई. लिहा, स्वतः राहतात."

विचार करा, काकू दारात नसत्या तर? कागदावर 'भाडेकरू' असा एक शब्द पडला असता आणि तो खोडायला पुन्हा खेटे. पूर्वीची सवलत ज्यांची गेली त्यांतही, पाहणीच्या वेळी घर बंद होतं किंवा पुरावा देता आला नाही, अशी घरं होतीच की. भर दुपारी दारात कोण असतं? बाईच. तिचं उत्तर कागदावर जाणार असेल तर तिला घराबद्दल माहिती नको?

मला एक गोष्ट खटकते, ती स्पष्ट लिहिते. जी सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही, ती ज्याला मागता येते त्यालाच मिळते. ज्यांना गरज जास्त, त्या एकट्या बायका, म्हाताऱ्या जोड्या, खाणीवर किंवा कंपनीत रोजावर जाणारी माणसं, यांना एक दिवस खाडा करून कार्यालयात जाणं परवडत नाही. हे काही आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात गरीब घरमालकांना करमाफीचा कायदा होता, पण दरवर्षी अर्ज करायचा. किती जणांना ते ठाऊकच नव्हतं, आणि माफ होऊ शकणाऱ्या करापायी त्यांच्या राहत्या घरांचे लिलाव झाले. कोर्टात भांडण गेलं, २०१८ साली तडजोड होऊन अर्ज सोपा झाला. तिथेही खरा हात दिला तो वस्तीत जाऊन अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांनी.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तालुक्याच्या गावात राहतो, आम्हाला पुण्याच्या चाळीस टक्क्यांचं काय? बरोबर आहे. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. ही सवलत पुण्याचीच आहे. शेजारच्या पिंपरी-चिंचवडने तर फक्त बाईच्या नावावर असलेल्या राहत्या घराला सामान्य करात तीस टक्के सूट दिली. किती छान, नाही का? पण अशी घरं आहेत किती! ग्रामपंचायत हद्दीत राहणाऱ्यांसाठी २० नोव्हेंबर २००३ चा शासन निर्णय आहे, घराची नोंद पती-पत्नी दोघांच्या नावे करण्याचा. इतकी वर्षं झाली, तुमच्या घराच्या नमुना आठ वर तुमचं नाव आहे का? उद्या जाऊन बघा. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे हे खरं, पण नाव नसेल तर खिडकीवरचा माणूस तुमच्याशी बोलणार कोणत्या नात्याने?

आणखी एक. २०२४ मध्ये राज्य सरकारने पुण्याच्या समाविष्ट गावांतल्या करवसुलीला स्थगिती दिली, तेव्हा वाघोलीत बऱ्याच जणांना वाटलं, चला, सुटलो. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. थांबलेली बाकी कधीतरी दारात येतेच. पाणी टँकरचं, रस्त्यावर कोंडी, मग कर कशाला भरायचा, हा राग मला पटतो. तो सभेत मांडा, अर्जात लिहा, मत देताना आठवा. पण त्या रागात स्वतःच्या हक्काची सवलत सोडून देऊ नका. जास्त भरलेली रक्कम हातात परत मिळत नसली तरी पुढच्या बिलांत वळती होते.

ताईचं नाव बिलावर लागलं. शास्तीसकट मागची बाकी तिने मंगळसूत्राच्या वाट्या न मोडता, दोन भिशा उचलून भरली. सवलतही लागू झाली. आता दर रविवारी सकाळी दहा ते बारा सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक टेबल लागतं. काकू, ताई आणि बारावीतली एक मुलगी, कारण मोबाईलवर बिल शोधून काढणं तिलाच पटकन जमतं. मागच्या रविवारी मी गेले होते तेव्हा शेजारच्या गावठाणातल्या एक आजी आल्या होत्या, पिशवीत बिलं, रेशनकार्ड आणि नवऱ्याचा फोटो घेऊन. फोटो कशाला, असं त्या मुलीने विचारलं. आजी म्हणाल्या, "मालक कोण विचारतील ना?"

ताईने फोटो हळूच पिशवीत परत ठेवला आणि अर्जावरच्या पहिल्या रकान्यात आजींचं नाव लिहायला घेतलं.