‘तू फक्त स्टीअरिंग धर!’

मलकापूरचं लग्न आटोपून आम्ही बुलडाण्याला परत येत होतो. वैशाखातली संध्याकाळ. मोताळा मागे पडलं आणि राजूर घाटाच्या अलीकडे आमची लहान मोटार गरम होऊन बंद पडली ती पडलीच. गाडीत आम्ही दोघं, सासूबाई आणि जाऊबाईंचा सात वर्षांचा मुलगा. यांनी दोन-चार फोन फिरवले आणि अर्ध्या तासात ओळखीतल्या एकाची पिकअप आली. चांगली पंधरा वर्षं जुनी, जन्मभर कांदा-सोयाबीन वाहिलेली. हौद्यात कांद्याची सालं आणि बैलांचं एक जुनं चऱ्हाट पडलेलं.

चऱ्हाटाचं एक टोक पिकअपला मागे बांधलं, दुसरं आमच्या पुढच्या बंपरला. हे पिकअपमध्ये पुढे जाऊन बसले आणि मला म्हणाले, “तू फक्त स्टीअरिंग धर. बाकी काही करायचं नाही.”

सासूबाई मागच्या सीटवर तशाच बसलेल्या. पोरगा मात्र दोन गाड्यांच्या मधे उभा राहून गाठ न्याहाळत होता. मी ओरडले, “अरे, इकडे ये आधी!” तो धावत माझ्या दाराशी आला आणि तेवढ्यात पिकअपनं हिसका दिला. काडकन आवाज झाला. आमचा बंपर निखळला आणि दोराचं टोक चाबकासारखं सपकन फिरलं... पोरगा क्षणापूर्वी जिथे उभा होता, बरोबर तिथून!

अंगावर काटा आला. कुणाला काही झालं नाही, हे नशीबच. पण नशिबावर किती दिवस भिस्त ठेवायची?

रस्त्याकडेच्या टपरीवर एक म्हातारे काका बसलेले होते. उमेदीत ट्रकवर चालक होते म्हणे. ते उठून आले आणि आमच्या पुरुषमंडळींना त्यांनी चांगलंच फैलावर घेतलं. “बंपर कायले बांधता? थो दोर बांधाले असते काय?” त्यांनी आमच्याच डिकीतल्या हत्यारांच्या पिशवीतून एक लोखंडी कडी काढली. ती पुढे आटे फिरवून बसवायची आणि दोर तिलाच बांधायचा. सहा वर्षं गाडी वापरतोय, पण ती कडी कशासाठी असते हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं!

मग मी त्यांना माझ्या मनातलं विचारलं. “काका, ही पिकअप टनभर माल वाहते. आमची मोटार फार तर हजार किलोची. मग भीती कसली?” त्यांनी दिलेलं उत्तर मी आजवर विसरले नाही. हौद्यातला माल पिकअपच्या ब्रेकनं थांबतो. मागे बांधलेली मोटार पिकअपच्या ब्रेकनं थांबत नाही. दोराला ओढता येतं, थांबवता येत नाही!

आपण शेतकऱ्याच्या लेकी, आपल्याला हे लगेच कळावं. चढावर बैल गाडी ओढतात, पण उतारावर गाडीच बैलांच्या मानेवर येते. तिथे निदान जू असतं. इथे नुसता दोर. पुढच्यानं ब्रेक दाबला की मागची मोटार सरळ जाऊन त्याच्यावर आदळणार. तिला थांबवणार कोण? तर ‘फक्त स्टीअरिंग’ धरून बसलेली बाई!

आणि तिच्या हाताशी असतं तरी काय? इंजिन बंद असलं की ब्रेकला मिळणारी मदत संपते. एक-दोनदा दाबलं की पेडल दगडासारखं घट्ट होतं, सगळं बळ लावून दाबावं लागतं. पॉवर स्टीअरिंगही जड होतं. चावी काढून घेतली असेल तर स्टीअरिंग कुलूप लागल्यासारखं अडकतं, म्हणून चावी फिरवून चालूच ठेवायची. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. दोर सतत ताणलेला राहील असा हलका ब्रेक मागच्यानंच मारत राहायचा, कारण ढिला पडलेला दोर ताणला जाताना हिसका बसतो आणि दोर तुटतो. सांगा बरं, हे काम ‘फक्त’ आहे का? माझ्या मते दोघांपैकी जास्त हुशार चालक मागच्या गाडीत हवा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. तिथे बायको नाहीतर दहावीतला पोरगा बसतो.

कायद्याला मात्र हे फार आधी कळलं होतं. १९८९ च्या रस्ता नियमांत स्पष्ट लिहिलं होतं की ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवानाधारक चालक हवा, नाहीतर तिची पुढची चाकं क्रेननं उचललेली हवीत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नको, दोर इतरांना सहज दिसायला हवा, मागे ‘ऑन टो’ अशी पाटी हवी आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको. २०१७ साली त्या नियमांच्या जागी नवी नियमावली आली, पण या गोष्टींमागचं शहाणपण काही जुनं झालेलं नाही.

त्यात पिकअप जुनी असेल तर आणखी जपायला हवं. निघण्याआधी तिचं ब्रेक ऑइल, टायर आणि मागचे दिवे बघा. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, चाकं रस्ता घट्ट धरत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत, दोर ताणला गेल्यावरच पुढे निघायचं. दोराच्या मधोमध लाल फडकं बांधायचं आणि वर एखादं जाड पोतं टाकायचं, म्हणजे दोर तुटला तरी त्याचा जोर कमी होतो. आपोआप गिअर बदलणारी गाडी असेल तर चाकं रस्त्यावर ठेवून ओढायचीच नाही, गिअरबॉक्सची वाट लागते. आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत चालकाशिवाय कुणीही नको. पोरंबाळं, म्हातारी माणसं दुसऱ्या वाहनानं पाठवा.

घाटात तर दोर नकोच! घाटावरच्या आणि घाटाखालच्या गावांमध्ये सोयरिकी करणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हे पाठच असायला हवं. राजूर घाट असो की खामगावकडून येणारा बोथ्याचा घाट, तिथे क्रेनच बोलवा. आणि मेहकर, सिंदखेडराजाकडच्या भगिनींनो, समृद्धी महामार्गावर मोटारी ताशी १२० नं येतात. तिथे वीसच्या वेगानं दोरानं गाडी ओढणं म्हणजे मरणाला आवतण. गाडी कडेला घ्या, सगळे उतरून कठड्यापलीकडे जा आणि मदत मागवा. ११२ तर आहेच.

त्या दिवशी मी काय केलं? सरळ सांगितलं, “मी घाट दोरानं चढणार नाही. क्रेन बोलवा.” सासूबाई आणि पोराला एका एसटीत बसवून दिलं. क्रेन यायला रात्रीचे दहा वाजले, पैसेही मोजावे लागले. विम्याच्या कागदात मदतीची सोय आहे का, हे कधी बघितलंच नव्हतं ना! दुसऱ्या दिवशी नात्यात चर्चा, “बायकोचं ऐकून घाटाखाली बसून राहिला.” यांना ते लागलं, दोन दिवस घरात अबोला होता. बंपरचा आणि क्रेनचा खर्च अजून निघतो बोलण्यात. निघू दे.

हा प्रसंग मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितला, तर एक जण पटकन म्हणाली, “ताई, आमचं कोन ऐकते वं? गाडीतलं बाईले काय समजते म्हन्तेत.” सगळ्या हसल्या, पण मला ते हसू टोचलं. आपल्याला गाडी दुरुस्त करता येत नसेल, पण लेकरू कुठे उभं आहे हे आपल्यालाच दिसतं. दोर कुठे बांधलाय हे विचारायला मेकॅनिक असावं लागत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, आज एवढंच करा. घरी मोटार असेल तर डिकी उघडा आणि ती कडी शोधा. नसेल तर उद्या कुणाच्या गाडीत बसाल, तेव्हा लक्षात ठेवा. कुणी म्हणालं, ‘तू फक्त स्टीअरिंग धर’, तर आधी खाली उतरा, गाठ बघा आणि पटली नाही तर ‘नाही’ म्हणा.