मावशीची अर्धी भाकरी

घिवलीला मावशीकडे गेलं की जेवताना एक तक्रार ठरलेली असते. मावशीची नव्हे, वहिनीची. "आई खातच नाहीत हो. चार घास झाले की ताट सरकवतात." मावशी पंच्याहत्तरीची. १९६९ साली शेजारी तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, त्याच वर्षी ती लग्न होऊन या गावात आली. डोक्यावर टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात मासळी विकायची आणि परतल्यावर तांदळाच्या दोन-अडीच भाकऱ्या सहज संपवायची. आता अर्धी पुरते. "पोट भरलं," म्हणते. घरच्यांना ते नखरे वाटतात, पण ती खरंच सांगत असते.

घास आला की जठराचा वरचा भाग सैल पडून जागा करून देतो. उतारवयात तो पूर्वीसारखा सैलावत नाही. अन्न लवकर खाली सरकतं, तिथे ताण बसतो आणि मेंदूला 'झालं' असा निरोप आधीच पोचतो. त्यात स्निग्ध पदार्थ नि प्रथिनं लहान आतड्यात उतरली की तृप्तीचं जे संप्रेरक सुटतं, ते वृद्धांच्या रक्तात जास्त आढळतं. नाक आणि जीभ मंदावतात ते वेगळंच.

मला खरी काळजी वाटते ती आजारपणानंतरची. पोरगा तापातून उठला की आठवडाभर वखवखल्यासारखा खातो आणि गेलेलं वजन भरून काढतो. म्हाताऱ्यांचं तसं होत नाही. अमेरिकेत सुझन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी तरुण आणि वयस्क पुरुषांना तीन आठवडे कमी खायला दिलं. १९९४ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. नंतर मोकळीक दिल्यावर तरुण जास्त जेवून पूर्ववत झाले, वयस्कांची भूक मात्र ती तूट भरून काढायला वाढलीच नाही. मागच्या आगोटीत मावशीला ताप आला होता. तिच्या बांगड्या अजून कोपरापर्यंत सरकतात.

आणि आपण अशा माणसाला देतो काय? पेज! पचायला हलकी, म्हणून वाटीभर पेज आणि वर चहा-बिस्कीट. मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम तांदळाच्या पेजेत प्रथिनं दोन-सव्वादोन ग्रॅम. बाकी बहुतेक पाणी. वाटीभर पाण्याने आधीच अरुंद झालेली जागा अडते. वृद्धांना किलोमागे दिवसाला निदान एक ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. मावशीचं वजन पंचेचाळीस किलो. हिशेब तुम्हीच करा.

प्रथिनांनी पोट लवकर भरतं, मग उरलीसुरली भूकही मरेल, अशी शंका वहिनीने काढली. शंका रास्त आहे, कारण तरुणांत तसं होतं. पण ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला झालेल्या प्रयोगांत दुधातल्या प्रथिनांनी तरुणांची भूक जितकी दबली, तितकी वृद्धांची दबली नाही. म्हणजे म्हातारीला मासळीचा तुकडा वाढायला काहीच हरकत नाही. पण आपल्या घरांत तुकडा जातो कामावरून आलेल्या पुरुषाच्या ताटात आणि म्हातारीच्या वाट्याला येतो रस्सा.

तुकडा नसला तरी बोंबील आहेच. ओल्या बोंबलात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पण वलांडीवर टांगून वाळवला की त्याच बोंबलात शंभर ग्रॅममागे साठेक ग्रॅम प्रथिनं उरतात. घरात त्याची कमी नाही. मीठ मात्र बेताचं हवं, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

गेल्या रविवारी वहिनीने सुका बोंबील भिजवून, काटा काढून, कांद्यावर परतला आणि मावशीला सगळ्यांच्या आधी वाढला. सोबत भाकरीचा चतकोर. पेज नंतर. "आज मी पाहुणी का गं?" मावशी म्हणाली. बोंबील संपला, चतकोर संपला. पेजेची वाटी तिने माझ्याकडे सरकवली. "ही तू पी."