पाण्यातला पाहुणा

लायनफिश मूळचा हिंदी-प्रशांत महासागरातला. १९८५ मध्ये तो फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसला आणि पुढे कॅरिबियन प्रवाळांतल्या लहान माशांचा फडशा पाडत सुटला. आता तिथे पाणबुडे त्याची मोजदाद ठेवतात.

सातारा जिल्ह्यातल्या मेढ्याला समुद्र नाही. वेण्णा नदी आहे, आणि खाली कण्हेरचं धरण. पण असा पाहुणा गोड्या पाण्यालाही ठाऊक आहे. आफ्रिकन मागूर, बाजारातला ‘थाई मागूर’, पाळण्यावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली. तो हवेतूनही श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत पुढचं डबकं गाठतो आणि समोर येईल तो मासा गिळतो. पावसाळ्यात शेततळं फुटलं की ओढा, ओढ्यातून नदी. त्याला वाट दाखवावी लागत नाही.

असा पाहुणा वेळीच ओळखायला प्रयोगशाळा हवीच, पण जाळं टाकणाऱ्यांची वहीही हवी. मरळ किती, वाम किती, आणि ‘हा कुठला?’ असं वाटलेला एखादा. देशी मागूरही मिशाळच असतो, म्हणून फोटो काढून ठेवलेला बरा. धरणाच्या पाणीसाठ्याची टक्केवारी आपण रोज वाचतो. त्यातल्या माशांची विचारपूस मात्र फक्त ताटात आल्यावर.