आकड्यांची साक्ष : बेसबॉलच्या नोंदवहीवरून काही विचार

जेथे मोजमाप आले तेथे मतभेद संपला, अशी समजूत विज्ञानप्रेमी मंडळींतही आढळते. माणसाची नजर फसते, त्याची आवडनिवड आड येते. आकड्याला मात्र कोणी आप्त नाही आणि कोणी परका नाही, असे आपण मानतो. ही समजूत निम्मीच खरी आहे. ती पारखून पाहावयाची तर अमेरिकेतील बेसबॉलच्या नोंदवहीकडे वळावे, कारण दीडशे वर्षांहून अधिक काळ इतक्या चिकाटीने आकडे जपणारा खेळ विरळा. त्या नोंदवहीवरून असे दिसते की, प्रत्येक आकड्यापूर्वी कोणीतरी एक निवाडा केलेला असतो. आणि त्या निवाड्याचा विसर पडला की आकडाच पूर्वग्रहाचा आश्रयदाता बनतो.

क्रिकेट जाणणाऱ्या वाचकांस हा खेळ समजण्यास कठीण नाही. मैदानावर चार बेस चौकोनाकृती मांडलेले असतात. फलंदाज चेंडू टोलवून धावतो. एकेक बेस गाठत तो मूळ ठिकाणी परतला की एक धाव होते. चेंडू टाकणाऱ्यास पिचर म्हणतात. पिचरने चार चेंडू ठरलेल्या मर्यादेबाहेर टाकले व फलंदाजाने मोह आवरून ते सोडून दिले, तर त्यास पहिला बेस आपोआप मिळतो. यास वॉक अशी संज्ञा आहे.

इंग्लंडात १८२४ साली जन्मलेले पत्रकार हेन्री चॅडविक यांनी क्रिकेटच्या धावफलकाचा आदर्श पुढे ठेवून बेसबॉलचे सामने तक्त्यांत मांडण्याची पद्धत रुजविली. पुढे फलंदाजाची योग्यता ठरविण्यासाठी यशस्वी फटक्यांना अधिकृत संधींनी भागून येणारी सरासरी सर्वमान्य झाली. या भागाकारात वॉकला स्थान नव्हते. तो पिचरचा दोष. त्यात फलंदाजाचे कर्तृत्व ते कोणते, अशी धारणा होती. १८८७ साली वॉकची गणना फटक्यांत करण्यात आली, परंतु तो नियम एका हंगामापुरताच टिकला. वस्तुतः धाव होण्यासाठी प्रथम बेसवर पोहोचावे लागते, आणि कोणता चेंडू सोडावा हे ओळखणे हेही एक कौशल्यच होय. १९४७ साली ब्रुकलिन संघाने ॲलन रॉथ या संख्याशास्त्रज्ञाची नेमणूक केली. त्या संघाचे माजी प्रमुख ब्रँच रिकी यांनी १९५४ साली एका लेखात बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणाचे महत्त्व मांडले. तरीही त्या प्रमाणास अधिकृत आकडेवारीत स्थान मिळण्यास १९८४ साल उजाडावे लागले. २००२ साली ओकलंडच्या तुटपुंज्या अंदाजपत्रकाच्या संघाने नेमके असेच उपेक्षित खेळाडू स्वस्तात मिळवून १०३ सामने जिंकले, तेव्हा कोठे इतरांचे डोळे उघडले. सरासरीच्या गणितात चूक नव्हती. काय मोजावयाचे नाही, हे ठरविण्यात ती होती.

क्षेत्ररक्षकाच्या चुकीची नोंद हे याहूनही स्पष्ट उदाहरण आहे. सामान्य प्रयत्नाने झेलता आला असता असा चेंडू निसटला, तर अधिकृत नोंदनीस ती चूक ठरवितो. सामान्य प्रयत्न म्हणजे किती, हे मात्र त्याच्या मतावर अवलंबून असते. शिवाय, मंद खेळाडू चेंडूपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून त्याच्या खात्यावर चूक लागत नाही. चपळ खेळाडू धावून हात लावतो आणि दोषी ठरतो. वहीत केवळ एक अंक उरतो, आणि तो अंक पुढील पिढीस वस्तुनिष्ठ सत्य वाटतो.

दुसरा दोष अधीरतेचा. ब्रॅडली एफ्रन व कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या हंगामातील १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ संधी तपासल्या. त्या टप्प्यावर रॉबेर्तो क्लेमेन्ते यांची सरासरी ०.४०० होती, उरलेल्या हंगामात ती ०.३४६ झाली. नवखे थर्मन मन्सन यांची सरासरी ०.१७८ होती, उरलेल्या हंगामात ती ०.३१६ वर गेली. अल्प नमुन्यात दैवाचा वाटा मोठा असतो. म्हणून प्रत्येकाचा आकडा समूहाच्या सरासरीकडे काहीसा ओढून घेतल्यास एकंदर अंदाज अधिक बिनचूक ठरतो, असे या दोघांनी दाखविले. मन्सन यांना त्या ४५ संधींवरून घरी पाठविले असते, तर कोणालाही तो अन्याय वाटला नसता, कारण आकडा समोर होता. त्यांना खेळत ठेवण्यात आले, आणि त्याच वर्षी आपल्या लीगमधील सर्वोत्तम नवोदिताचा मान त्यांना मिळाला.

संघाच्या व्यवस्थापकाचा न्याय तर आपण बहुधा निकालावरूनच करतो. २००३ साली न्यूयॉर्कविरुद्धच्या निर्णायक सामन्यात बॉस्टनचे व्यवस्थापक ग्रेडी लिटल यांनी थकत चाललेल्या पेड्रो मार्टिनेझ यांच्यावर भरवसा ठेवून त्यांना मैदानावरच राहू दिले. आघाडी गेली, सामना गेला, आणि लिटल यांचे पदही गेले. आकडे पाहिले नाहीत, हा त्यांच्यावरील आक्षेप. २०२० च्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात टॅम्पाचे केव्हिन कॅश यांनी उत्तम खेळणाऱ्या ब्लेक स्नेल यांना ७३ चेंडूंनंतर मागे घेतले. तोही सामना हातचा गेला. आकडेच पाहिले, हा त्यांच्यावरील आक्षेप. निर्णय योग्य होता की नाही हे, तो घेताना जे ठाऊक होते त्यावरून ठरविले पाहिजे. चांगल्या निर्णयाचेही फळ कधी वाईट निघते, आणि वाईट निर्णय कधी दैवाने तरून जातो.

परंतु सर्वांत मोठा पक्षपात नोंदवहीच्या बाहेर असतो. १९४७ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरेपर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख स्पर्धांचे दरवाजे अनेक दशके बंद होते. त्यांच्या स्वतंत्र स्पर्धांतील जॉश गिब्सन हे असामान्य फलंदाज त्याच वर्षीच्या जानेवारीत वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी निवर्तले. १९२० ते १९४८ या काळातील त्या स्पर्धांना प्रमुख दर्जा असल्याचे २०२० साली मान्य झाले, आणि २०२४ साली त्यांचे आकडे अधिकृत वहीत आले. तेव्हा गिब्सन यांची ०.३७२ ही सरासरी टाय कॉब यांच्या ०.३६७ च्या वर जाऊन बसली. गिब्सन यांच्या नोंदलेल्या संधी फारच थोड्या, म्हणून ही तुलना समान नव्हे, असा आक्षेप घेतला जातो. तो संख्याशास्त्राच्या दृष्टीने विचारार्ह आहे. परंतु त्या संधी थोड्या का, याचे उत्तर गणितात सापडणार नाही. ते समाजाच्या वर्तनात शोधावे लागेल. ज्यास मैदानात येऊच दिले नाही त्याचा आकडा नाही, आणि आकडा नाही म्हणून त्याची योग्यता नाही, हे तर्कदुष्ट चक्र दीर्घकाळ शास्त्रशुद्ध म्हणून मिरवत होते.

यावरून आकडे टाकून द्यावेत असा निष्कर्ष कोणी काढू नये. वॉकची उपेक्षा उघडकीस आली ती अधिक चांगल्या मोजणीनेच, आणि गिब्सन यांना न्याय मिळाला तो जुन्या वर्तमानपत्रांतील तक्ते संशोधकांनी चिकाटीने जुळविल्यामुळेच. केवळ अनुभवी नजरेवर विसंबणे हा उपाय नव्हे. नजरेची तर वहीही नसते, मग तिची तपासणी कशी होणार? माझे म्हणणे इतकेच की, आकड्यास न्यायाधीशाचे आसन न देता साक्षीदाराचे द्यावे आणि त्याची उलटतपासणी करावी. काय मोजले व काय सोडले? किती प्रसंगांवरून? कोणाच्या मताने? आणि मोजणीच्या कक्षेत येण्याची मुभा कोणास नव्हती? परीक्षेच्या गुणपत्रिकेपासून नोकरीच्या निवडीपर्यंत जेथे जेथे माणसाचे भवितव्य अंकांवर सोपविले जाते, तेथे तेथे हे प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थिदशेतच जडली पाहिजे.