उसन्या पाण्यावरची अणुशक्ती

‘जे बाजारात विकत मिळते, ते देशात तयार करण्याचा खटाटोप कशाला?’ असा साळसूद प्रश्न विचारणाऱ्या अर्थपंडितांनी जड पाण्याचा इतिहास एकदा वाचावा.

साध्या पाण्यात साडेसहा-सात हजार हायड्रोजन अणूंमागे जेमतेम एक अणू ड्यूटेरियमचा असतो. तो वेचून मिळवलेले जड पाणी न्यूट्रॉनचा वेग मंदावते आणि अणुभट्टी समृद्ध न केलेल्या, नैसर्गिक युरेनियमवर चालते. तुर्भ्याच्या ‘सायरस’ भट्टीत हे पाणी अमेरिकेचे होते. १९७४ साली पोखरणचा स्फोट झाला आणि कॅनडाने सहकार्य तोडले. राजस्थानातील दुसऱ्या भट्टीसाठी मग सोव्हिएत रशियापुढे हात पसरावा लागला. रशिया मित्र खरा. पण पाणी देताना आंतरराष्ट्रीय तपासणीची अट त्यानेही घातलीच!

स्वदेशीची वाट निष्कंटक होती असे मात्र कोणी समजू नये. बडोद्याच्या जड पाणी कारखान्यात १९७७ सालीच स्फोट झाला. रायगड जिल्ह्यातील थळ येथे शेजारच्या खत कारखान्याचा वायू घ्यायचा, त्यातील ड्यूटेरियम काढायचे आणि वायू परत करायचा, अशी रचना झाली. म्हणजे खत कारखाना थांबला की हाही ठप्प! कोटा व मणुगुरू येथे थेट पाण्यातूनच ड्यूटेरियम काढतात, पण त्यासाठी हायड्रोजन सल्फाइडसारखा जीवघेणा वायू हाताळावा लागतो. एवढे सोसून तयार झालेले जड पाणी भारताने पुढे दक्षिण कोरियाला विकले, अमेरिकेलाही विकले.